पुतळाचा हंडा आणि शेवटची फायनल

मला नसत्या चौकशा करायची भारी खोड आहे. लहानपणी कराडला आई म्हणायची, "सुमे, तुझं नाक कापून उंबऱ्यावर ठेवायला हवं, आपोआप गावभर फिरून येईल." लग्नानंतर नंदकुमार म्हणायला लागले, "तुला सीआयडीत घ्यायला हवं होतं." म्हणोत बापडे. ते सकाळी तुर्भ्याच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला परत. ऐंशी साली आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा इथं होतं काय? मोजक्या बिल्डिंगी, खाडीचा वारा आणि चिखलाचा वास. चौकशा केल्या नसत्या तर मी भिंतींशी बोलत बसले असते!

तर पहिल्याच वर्षी, थंडी संपता संपता, एका रविवारी दुपारी लांबून ताशा ऐकू आला. मला वाटलं वरात असेल. चप्पल घातली आणि निघाले. आमच्या सोसायटीच्या मागे भातखाचरं लागायची, ती ओलांडली की खारोळे गाव. भात कापून झालेलं, खाचरं सुकून टणक झालेली, आणि त्यांचे बांध मोडून केलेल्या मैदानात बनियन घातलेली माणसं अनवाणी पळत होती. फुटबॉल! इथं? आणि मैदानाच्या कडेला, एका गोलाच्या मागे गावदेवीचा मांडव, त्यात टेबल, टेबलावर जरीचं कापड, आणि त्यावर झेंडूची माळ घातलेला पितळेचा हंडा. चांगला मोठा, लग्नात देतात तसला.

शेजारी एक गृहस्थ फेटा बांधून उभे होते. मी विचारलं, "पूजा आहे का?"

"फायनल हाय," ते म्हणाले. हे धर्मराज पाटील, गावचे पंच आणि या स्पर्धेचे सर्वेसर्वा.

"मग कप कुठंय?"

"त्यो काय समोर."

मी हंड्याजवळ गेले. पोटावर गोलगोल नावं कोरलेली होती. कोपरखैरणे. सानपाडा. उरण. परत कोपरखैरणे. आणि सगळ्यांच्या वर, गळ्याशी, जरा झिजलेल्या अक्षरांत: "चि. सौ. कां. पुतळा हिस आईकडून."

आता सांगा, असं वाचल्यावर कुठल्या बाईला झोप लागेल?

दुसऱ्या दिवशी पुतळा दारात आली. हो, पुतळा म्हणजे माझी मासेवाली. खारोळ्याचीच. खाडीतली निवटी, बोय, कोलंबी, जे मिळेल ते टोपलीत घालून जिने चढायची. अंगाने काटक, आवाज मात्र ताशासारखा. मी म्हटलं, "पुतळाबाई, तुमच्या गावात कालच्या त्या हंड्यावर नाव आहे ती पुतळा कोण हो?"

तिने हातातली कोयती खाली ठेवली.

"मीच ती. त्यो माजा हंडा हाय, वैनी. माज्या आयनं दिलेला. आनि तो सगल्या जगाच्या पोरींना न्हाऊ घालतंय, माजं घर सोरून!"

मग तिने जे सांगितलं ते मी त्या दिवशी आणि पुढे कित्येक दिवस, कोलंबी सोलता सोलता तिच्याकडून काढून घेतलं. कोलंबीचा भाव कधी वाढला ते कळलंही नाही.

सगळ्याचं मूळ तिचा नवरा, गोटीराम. तो मिठागरात कामाला होता, आणि मिठाचा मचवा भरला की त्यावर बसून मुंबईच्या बंदरात जायचा. तिथं माल उतरेपर्यंत बसायचं. गोदीतले कामगार मोकळ्या वेळात बॉल खेळायचे, हा बघायचा. बघता बघता असा नादावला की एकदा मिठाच्या बदल्यात येताना बॉल घेऊन आला. गावाने काय करावं? देवीपुढे बॉल ठेवून नारळ फोडला. खारोळ्यात नवी सायकल आली तरी नारळ फुटायचा, मग बॉल तर पाहुणाच. मिठागरात राबून सगळ्यांचे तळपाय चामड्यासारखे झालेले, बूट कशाला हवेत? वर्षभरात आसपासच्या गावांतही बॉल आले, आणि धर्मराजांनी ठरवलं की स्पर्धा लावायची. हे बाहत्तर-त्र्याहत्तर सालचं. नक्की साल विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि प्रत्येक जण शपथ घेऊन सांगतो.

पहिल्या फायनलला कप मुंबईहून मचव्यातून यायचा होता. पण ओहोटी लागली आणि मचवा खाडीच्या चिखलात रुतून बसला. इकडे नारळ फोडायचा मुहूर्त टळत चाललेला. देवीपुढे मानाचं म्हणून ठेवायला काही नाही. धर्मराज म्हणाले, "कायतरी ठेव रे गोट्या, संध्याकालपर्यंत." गोटीराम धावत घरी गेला. पुतळा मासे घेऊन बाहेर गेलेली. फळीवर तिचा हंडा लखलखत होता, नुकताच चिंचेने घासलेला. त्याने उचलला, आणून ठेवला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

झालं! नारळ फुटला की फुटला.

"संध्याकाली मी घरी येतंय तं काय," पुतळा म्हणाली, "माजा हंडा कोपरखैरण्याच्या पोरांच्या डोक्यावर नाचत चाललाय! मी धावली, धर्मराजला बोलली, मना माजा हंडा दे. त्यो बोलतंय, पुतले, देवीसमोर नारल फुटला, आता त्यो देवीचा. परत घेतला तं देवी कोपंल. आनि मी काय बोलू? मना पन देवीचं भय हायच ना!"

"आणि तो कप?"

"आला ना दुसऱ्या दिवशी. घरात हाय. त्याच्यात सुका जवला ठेवते मी."

मी पोट धरून हसले. तीही हसली, पण मग पदराने नाक पुसलं. तिची आई त्याच वर्षी पावसाळ्यात गेली होती. आईचं म्हणून घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

हंड्याचा नियम असा पडला. जी टीम जिंकेल तिच्या कॅप्टनच्या घरी हंडा वर्षभर राहणार. देवीचा हंडा, म्हणून त्या गावात त्या वर्षी जेवढी लग्नं होतील त्या प्रत्येक नवरीला हळदीचं पहिलं पाणी त्यातून. कोपरखैरण्याच्या पोरी न्हाल्या, सानपाड्याच्या न्हाल्या. उरणची टीम होडीतून यायची, त्यामुळे तिची मॅच भरतीवर ठरायची. एका वर्षी ओहोटीत होडी अडकेल म्हणून मॅच अर्धी टाकून पळाली, आणि पुढच्या वर्षी त्याच रागाने जिंकून हंडा घेऊन गेली. तिथल्याही पोरी न्हाल्या. फक्त खारोळ्याच्या नाहीत. कारण खारोळ्याची टीम कधी जिंकलीच नाही.

आणि का जिंकली नाही, तर गोलात गोटीराम उभा असायचा.

त्याने देवीपुढे शपथ घेतली होती, हंडा घरी आणीन तेव्हाच गोल सोडीन. शपथ घेताना कुणी अडवलं नाही आणि नंतर सोडवायची सोय नव्हती. माणूस गोड, अंगाने आडवा, पण बॉल डावीकडून आला की हा उजवीकडे नमस्कार करायचा. बॉल गावात आणला त्यानेच, स्पर्धा सुरू झाली त्याच्यामुळे, त्याला काढणार कोण? पोरं दात-ओठ खायची आणि गप्प बसायची. फायनल हरल्या दिवशी पुतळा त्याच्याशी अबोला धरायची. भाकरी समोर आपटायची, एक शब्द नाही. तोही बिचारा मुकाट जेवायचा. हंडा स्वतःच्याच हातांनी उचलून नेलेला, बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

अशी वर्षं गेली. पुतळाची मुलगी काशी मोठी झाली. माझ्याकडे यायची कधी आईबरोबर, लाजरी, पण डोळ्यांत आईचाच मिश्कीलपणा. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं, सानपाड्याच्या कान्हाशी. कान्हा म्हणजे सानपाड्याच्या टीमचा कॅप्टन! पुतळाने मला पेढा दिला आणि लगेच म्हणाली, "आता तरी माज्या हंड्यातनं माजी पोर न्हायला पायजे, वैनी. माज्या आयनं मना त्याच्यातनं न्हाऊ घातलं. हंड्याचं पानी नाय तं माज्या मनाला लगीन लागल्यासारखं वाटायचं नाय."

"पण हंडा सानपाड्याच्या टीमने जिंकला, तर तो कान्हाच्याच घरी जाईल की. काशी तिथंच असणार."

"तिथं ती सून," पुतळा फटकन म्हणाली. "मायेरचं पानी मायेरातच पायजे. सासरी न्हाली तं मी कुठं हाय तिथं?"

खरंच होतं ते.

त्यातच बातमी आली की खाचरांची ती जागा नव्या शहरासाठी गेली, पुढच्या वर्षी तिथं पाये खणणार. बांधावर खुणेचे दगडही आले. धर्मराजांनी गावात सांगून टाकलं: ही शेवटची फायनल. जो हंडा नेईल, त्याच्या घरी तो कायमचा.

आणि फायनलला कोण आलं? खारोळे आणि सानपाडा. लग्न त्याच आठवड्यात.

मी नंदकुमारांना म्हटलं, आज जेवण झाकून ठेवलंय, घ्या वाढून. आणि सकाळपासून मैदानावर. पुतळाही आली होती. मला नवल वाटलं, कारण इतक्या वर्षांत तिने एकही फायनल पाहिली नव्हती. त्या दिवशी गावातल्या बाया पाहुण्या टीमांसाठी वड्यांचे घाणे काढायच्या, आणि पुतळा तर रागाने घरातूनच निघायची नाही. आज मात्र चुलीचं काम दुसरीवर टाकून ती आली, काशीलाही बरोबर घेऊन. माझ्या शेजारी उभी राहिली. नजर बॉलवर नव्हतीच. मांडवातल्या हंड्यावर.

"किती पोचे पारलेत मेल्यांनी," ती पुटपुटली. "चिंच तरी लावायची."

पहिला हाफ कोराच गेला. गोटीराम पलीकडच्या गोलात होता आणि सानपाड्याने तिकडे फारसा बॉलच नेला नाही, म्हणून. शिट्टी झाली. पोरं लिंबं चोखत बसली. मी मांडवापाशी उभी, समोर धर्मराज. आणि माझी ती जुनी खोड! मला प्रश्न पडला, तो मी विचारून टाकला.

"धर्मराजदादा, एक सांगा. गेल्या वर्षी हंडा कोपरखैरण्याला होता. त्यांनी आज सकाळी परत आणला. संध्याकाळी जिंकेल तो नेणार. मग आत्ता, या घटकेला, हंडा कोणाचा?"

धर्मराजांनी फेट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं.

"आता? आता त्यो देवीचा."

"म्हणजे कोणत्याच गावाचा नाही?"

"नाय. कोनाचाच नाय. फकस्त देवीचा."

मी फक्त विचारलं होतं हो! माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण माझ्या पाठीमागे पुतळा उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि मग ती मांडवात शिरली, देवीला हात जोडले, माळ बाजूला केली आणि दोन्ही हातांनी हंडा उचलून कमरेवर घेतला.

"ए पुतले! काय करतेस?" धर्मराज ओरडले.

"देवीचा हाय ना?" ती तिच्या त्या ताशाच्या आवाजात म्हणाली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "मंग देवीच्या गावची पोर देवीच्या दारात न्हाते. देवीची कायी हरकत असंल तं तिनं बोलावं. तू नको बोलू."

देवी काही बोलली नाही. धर्मराजांनी तिच्याकडे पाहिलं, पुतळाकडे पाहिलं, आणि हळूच टोपी सावरावी तसा फेटा सावरला. पंच गप्प, म्हणजे झालंच!

मग काय, बायांनी चूल सोडली. लग्नात ढवळे, म्हणजे हळदीची गाणी, म्हणणाऱ्या गावातल्या सुमित्राबाई वड्याच्या पिठाचे हात पुसत आल्या आणि तशाच गायला लागल्या. कुणी हळद आणली, कुणी विहिरीचं पाणी. जागा कुठली? मांडवाला लागून, गोलाच्या मागे, तेवढाच आडोसा. चौघींनी लुगडी धरली. मीही एक टोक धरलं. माझ्या वाशीच्या नायलॉनच्या साडीवर हळदीचे डाग पडले, ते आजतागायत गेले नाहीत. पुतळाने हंडा भरला, आणि काशीच्या डोक्यावर पहिलं पाणी ओतलं. ओतताना ती "आये, आये" म्हणत होती. काशीला नाही, स्वतःच्या आईला. मी ढसाढसा रडले. माझी कोण होती ती? कोणी नाही. पण रडले.

तिकडे रेफरी, कुठल्याशा शाळेतले मास्तर, शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाले. कोण ऐकतो? पुरुष पाठ करून उभे होते आणि कान्हा सगळ्यांत लांब जाऊन, मान खाली घालून बुटाची नसलेली नाडी बांधत होता.

आता घोळ असा झाला की हळदीचं पाणी उताराने थेट गोलात गेलं. आणि दुसऱ्या हाफला त्या गोलात गोटीराम.

मॅच सुरू झाली. हंडा पुसून, माळ घालून पुन्हा टेबलावर. काशी कोरडं लुगडं नेसून बायांच्या घोळक्यात. पण पुतळा कुठे? मी पाहिलं तर ती गोलाच्या खांबापाशी गेली होती. गोटीराम घोटाभर पिवळ्या चिखलात उभा. ती त्याला काहीतरी म्हणाली. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती परत म्हणाली. मग तो मैदानाकडे तोंड करून उभा राहिला आणि ती माझ्याकडे आली.

"काय म्हणालात?"

"कायी नाय," ती म्हणाली.

मला? मला 'काही नाही' म्हणते?

खारोळ्याची पोरं त्या दिवशी जीव तोडून खेळली. दोनदा बॉल सानपाड्याच्या खांबावर आदळला, गाव उड्या मारत होतं. आणि मग, अगदी शेवटाला, कान्हाकडे बॉल आला. त्याने लांबूनच मारला, जोरही नव्हता. बॉल टप्पे घेत सरळ गोटीरामच्या अंगावर आला. इतका सरळ की त्याला डावं-उजवं करायची गरज नव्हती. गोटीराम वाकला, पाय सरकला, आणि तो धबकन चिखलात बसला. बॉल त्याच्या मांडीला चाटून आत गेला.

गावाने जो आवाज काढला तो मी विसरणार नाही. शिव्या तर अशा की कराडमध्येही ऐकल्या नव्हत्या. एका पोराने फेटाच जमिनीवर आपटला, तोही धर्मराजांच्या डोक्यावरचा. गोटीराम कमरेपर्यंत पिवळा होऊन बसून राहिला, उठलाच नाही. शिट्टी झाली, आणि ताशा वाजवत सानपाड्याची पोरं हंडा घेऊन निघाली. कान्हाच्या डोक्यावर हंडा, काठाला अजून हळद लागलेली.

पुतळा बांधापर्यंत त्यांच्यामागे गेली. तिथं उभी राहून ती पदर तोंडात धरून रडत होती. मला वाटलं, आता आज त्या गोटीरामचं काही खरं नाही.

मला राहवेना. ऊन उतरल्यावर मी तिच्या घरी गेले. म्हटलं समजूत घालू, पाणी तर मिळालं ना पोरीला. अंगणात शिरले तर काय, गोटीराम चड्डीवर दगडावर बसलेला आणि पुतळा त्याच्या अंगावरचा पिवळा चिखल धुतेय. पाणी ओतत होती ती कपाने! मुंबईहून मचव्यातून आलेल्या त्या कपाने. सुका जवळा बाजूला सुपात ओतून ठेवलेला.

"बसा वैनी," ती म्हणाली. अबोला तर नाहीच, आवाजही खाली आलेला.

मी बसले. आणि विचारलंच. "पुतळाबाई, गोलापाशी काय सांगितलंत यांना?"

तिने गोटीरामच्या डोक्यावर कप ओतला. तो डोळे मिटून बसला होता.

"मी बोलली, पोरीला मायेरचं पानी भेटलं. आता हंडा इथं रायला तं कॅप्टनच्या घरी रायल, कोन त्याला चिंच लावनार? पोर चाललीय तिथं जाऊ दे त्याला. आयचा हंडा लेकीसंगं जातो, तीच रीत हाय आपली."

मी गोटीरामकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस घसरला नव्हता! इतकी वर्षं ज्याला एक बॉल अडवता आला नाही, त्याच्या हातात नेमका आलेला बॉल त्याने सोडला होता.

"आणि तुमची शपथ?" मी म्हटलं.

"हंडा घरी आनीन, असं बोललो व्हतो," तो डोळे न उघडताच म्हणाला. "लेकीचं घर ते आपलंच घर नाय काय?" आणि मग, "गावात नका सांगू वैनी. पोरं लई मनापासून खेळली."

मी नाही सांगितलं. मी! नंदकुमारांनासुद्धा नाही. पुढच्या वर्षी त्या मैदानात पाये खणले, मग बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि गावाने गोटीरामला शेवटपर्यंत 'घसरगुंडी' म्हणून चिडवलं. नाक्यावर पोरं ओरडायची, तो हसून हात करायचा. पुतळा बरोबर असली की मात्र त्या पोरांची धडगत नसायची.

गोटीराम गेला तेव्हा काशी सानपाड्याहून आली होती, कडेवर लेक. दहनानंतर घरी अंघोळीचं पाणी काढायची वेळ आली तर अंगणात तो हंडा उभा. तिने तो बरोबर आणला होता, चिंचेने लख्ख घासून. बाया म्हणाल्या, देवीचा हंडा, लग्नाचा, सुतकाच्या पाण्याला चालतो का? सगळ्या पुतळाकडे बघायला लागल्या.

"चालतो," पुतळा म्हणाली. "त्यानंच तं घरातनं नेला व्हता."

आणि तिने स्वतः हंड्यातून पाणी घेतलं.